पेशीच्या पोटातले ठिपके

तपासणी खोलीतल्या बाईंना सगळं रुग्णालय काचताई म्हणायचं. अठ्ठावीस वर्षं त्या मान मोडून मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या बघत होत्या. "माझं बोलणं हिच्या कानांतून सुटेल, पण काचेवरचं काही सुटायचं नाही नजरेतून," असं नवरा हसून सांगायचा.

या वेळी मात्र सुटलं होतं.

एका गोदामाच्या रखवालदाराला सहा आठवडे ताप होता. अंगावरचं मांस उतरलं होतं. त्याच्या हाडातल्या मगजाची काच काल काचताईंनीच पाहिली आणि लिहून दिलं: जंतू नाहीत. त्या भरवशावर डॉक्टरांनी ठरवलं, शरीर स्वतःवरच उलटलंय. आज दुपारी दोनला प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन द्यायचं.

बाराच्या सुमारास रखवालदाराची बायको दाराशी आली. "ताई, गोदामातली वटवाघळांची घाण झाडली, तेव्हापासूनच अंथरूण धरलंय हो यांनी."

त्या घाणीत वाढणारी बुरशी श्वासावाटे अंगात शिरते, हे काचताईंना ठाऊक होतं. काल काम उरकायच्या घाईत त्यांनी काचेचा मधलाच भाग पाहिला होता. काच पुन्हा लावली. एक वाजला, दीड वाजला. डोळ्यांना धार लागली. आणि अगदी कडेला एक भक्षक पेशी दिसली, टम्म फुगलेली. जंतू गिळून पचवणं हे तिचं काम. गिळलं तर होतंच. पण तिच्या पोटात पंधरा-वीस इवले ठिपके खुशाल नांदत होते. बुरशी! पेशीचा पाचकरस त्यांनी निकामी करून टाकला होता, आणि तिच्याच आडोशाला बसून एकाचे दोन, दोनाचे चार होत होते. चोरानं चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तशातली गत. त्यात इंजेक्शननं पहारेकऱ्याचे हातच बांधले, तर माणूस हातचा जाणार.

वॉर्डचा फोन कुणी उचलेना. काचताई वरच्या मजल्यावर धावल्या. सिस्टरनं सुई सलाइनच्या नळीला लावली होती.

"सिस्टर, थांबा!"

खाटेशी उभे असलेले डॉक्टर वैतागले. "ताई, जंतू नाहीत असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलं. चुकलं माझं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "नंतर हवं तेवढं बोला, आधी काच बघा."

डॉक्टर खाली आले, मायक्रोस्कोपवर वाकले. कडेची ती फुगलेली पेशी त्यांनी स्वतः पाहिली. मग फोन उचलून म्हणाले, "सिस्टर, ते इंजेक्शन रद्द. बुरशीचं औषध मागवा."

आठ दिवस ताप हटेना. काचताई रोज तक्ता बघून यायच्या. रखवालदाराच्या बायकोची नजर मात्र चुकवायच्या. नवव्या दिवशी पारा उतरला, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन आपली चूक सांगून टाकली. ती नवऱ्याच्या खाटेकडे वळली. मग म्हणाली, "आता त्यांना भूक लागते म्हणतात. काय देऊ खायला?"