मामांचं ‘सकाळपासून सांगा’

अपघात नावाची गोष्ट जगात नसतेच, असं ठासून सांगणारा आणि तरीही चाळीस वर्षं अपघातांवरच संसार चालवणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच आहे, आणि तो माझ्या सासरी निघाला. माझे मामेसासरे विम्याचे वकील आहेत. आग, पूर, चोरी, टक्कर, भिजलेला माल, पडलेली भिंत, यांतलं काहीही घडलं की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग तुकोगंजात मामांच्या पुढच्या खोलीत येऊन बसतात. मामा त्यांना पाणी देतात, पंख्याखालची खुर्ची देतात, आणि समोरचा “साहेब, अचानक काय झालं...” म्हणाला रे म्हणाला की हात वर करून थांबवतात. “अचानक काही होत नसतं. मतलब काय आहे नं, अचानक म्हणणं हा आळस आहे. सकाळपासून सांगा.”

हे पक्षकारांपुरतं असतं तर मी काही म्हटलं नसतं. मी नाशिकची, कामांची यादी करून दिवसाला हात घालणारी, दोन वाक्यांत निरोप संपवणारी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या स्कूटरला गाईनं धडक दिली. रस्त्याच्या कडेला गुडघा धरून मी मामांना फोन केला. “सकाळपासून सांग,” मामा म्हणाले. “मामा, गुडघ्यातून रक्त येतंय!” “ते येऊ दे. निघताना घाई होती का? का होती?” रक्त थांबेपर्यंत असं निष्पन्न झालं की माझ्या नवऱ्यानं ऐन वेळी डब्यात पोह्यांऐवजी पराठे मागितले, हे धडकेचं मूळ कारण. गाय निर्दोष सुटली. नवऱ्याला संध्याकाळी बोलावून समज देण्यात आली.

जेवणाचं टेबल हे त्यांचं कायमचं घटनास्थळ. मीठदाणी म्हणजे ट्रक, लिंबाची फोड म्हणजे स्कूटर, दह्याची वाटी म्हणजे पुलाखालचा खड्डा. चालू केस टेबलावर मांडल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. मामी पलीकडून म्हणतात, “अहो, तुमच्या त्या ट्रकमधलं जरा मीठ मिळेल का?” “थांब गं, पंचनामा व्हायचाय.” एकदा नवे जावई जेवायला आले होते. सेव घातलेल्या पोह्यांशेजारी मामांनी जिलेबी ठेवली, ती बायपासचा चौक होती. जावयांना काय कल्पना! त्यांनी आग्रहाचा मान राखून चौक खाल्ला. मामांनी चौकाची रिकामी जागा पाहिली. मग अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, “जावईबापू, तुम्ही पुरावा खाल्लात.” मामींनी घाईनं दुसरी जिलेबी वाढली. मामांनी ती निरखली आणि मान हलवली. “हा तो चौक नव्हे.”

लग्नकार्यात लोक आहेराचं पाकीट देतात. मामा आग विझवायचा लाल सिलेंडर देतात. आमच्या लग्नात तो सोनेरी कागदात गुंडाळून स्टेजवर ठेवला होता आणि फोटोत तो आमच्या दोघांच्या मधोमध, आम्हा दोघांपेक्षा ताठ उभा आहे. ते स्वतः मांडवात कधी पहिल्या रांगेत नसतात. ते मागे असतात, वायरींचे जोड बघत, आणि आचाऱ्याला विचारत, “सिलेंडर किधर रखे हैं भिया?” पार्किंगच्या पावतीमागे ‘सामानाची जबाबदारी आमची नाही’ असं छापलेलं असतं, तेही ते वाचतात, आणि वाचून गप्प बसत नाहीत. “जबाबदारी घेणार नाहीस, तर पावती कशाची देतोस?” असं त्यांनी एका पोऱ्याला हिंदीतून इतका वेळ विचारलं, की मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी तो वैतागून म्हणाला, “इत्ते में गाड़ी खड़ी होती है अंकल, जिम्मेदारी नी.” मामा खूश झाले. “विमा कंपन्यांच्या पंचवीस पानी पॉलिसीचा मतलब याने एका ओळीत सांगितला बघ!”

कंपन्यांचं त्यांना चांगलंच माहीत. निम्मी वकिली त्यांनी विमा कंपन्यांच्या बाजूनंच केली. मग एक दिवस पाटी तीच ठेवून बाजू बदलली. का, असं विचारलं तर म्हणतात, “तिकडे ‘नाही’ म्हणायच्या सगळ्या रीती पाठ झाल्या होत्या यार. कंटाळा आला.” मामींच्या मते कारण वेगळं आहे. रात्री झोपेत ते ‘आपला दावा फेटाळण्यात येत आहे’ असं पुटपुटायचे आणि मामींना रजई मिळायची नाही.

माझी मैत्रीण सुनंदा सांवेर रोडवर मसाले आणि पापडांचं युनिट चालवायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभं केलेलं, कामाला आजूबाजूच्या माळवी बायका. होळी होऊन आठवडा झाला नाही तोच संध्याकाळी युनिट बंद झाल्यावर तिथं आग लागली आणि मागचं गोदाम संपलं. कंपनीनं क्लेम नाकारला. त्यांच्या सर्वेअरचं म्हणणं असं, की बायकांनी चार वाजता चहा केला, शेगडी सुरूच राहिली, आणि मालाजवळ उघडी ज्योत नको ही पॉलिसीतली अट मोडली. मागच्या भिंतीतल्या जळक्या वायरीचा उल्लेख अग्निशमनवाल्यांच्या अहवालात होता, पण त्या वायरीचं कोण ऐकणार? कारण खुद्द सुनंदानंच जबाबात लिहून दिलं होतं, ‘रोजच्याप्रमाणे चार वाजता चहा झाला.’ क्लेम गेला म्हणजे युनिट गेलं, हे तिला कळत होतं. बायका दुसरीकडे काम शोधायला लागल्या होत्या. मी तिला मामांकडे नेलं. तिनं तोंड उघडलं, “अचानक...” आणि मामांचा हात वर गेला.

पण तिची सकाळ उपयोगाची नव्हती. दुपारी ती बँकेत गेली होती, चार वाजता युनिटवर नव्हतीच. “मग चहा झाला हे कशावरून?” “रोजच होतो मामा.” मामा उठले. “चल. ज्या होत्या त्यांची सकाळ ऐकू.”

त्या काळवंडलेल्या शेडमध्ये मामा पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले आणि बायकांना गोल बसवलं. मग काय विचारता! कुणाची सून, कुणाच्या नळाचं पाणी, कुणाची चुकलेली टमटम. मी घड्याळ बघत होते, मामा डोळे मिटून लग्नातलं सनईवादन ऐकावं तसे ऐकत होते. होता होता रामकन्याबाई आणि गीताचं जुंपलं. “पूड़ी मैं लाई थी सबके वास्ते, और नाम तेरे दही-भात का हुआ!” “तेरी पूड़ी से दाँत हिल गए थे बुआ, पत्थर थी पत्थर!”

मामांनी डोळे उघडले. “पूड़ी कडक क्यों थी?”

“कल की थी साब, तो कडक नी होगी? सातम थी उस दिन. शीतला माता की. ठंडा खाते हैं.”

“और चाय?”

सगळ्या बायका त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या, की हा माणूस शिकलेला आहे ना? “सातम को चूल्हा कौन जलाए साब? माता कोप जाए!”

सुनंदानं कपाळावर हात मारला. आमची मराठी लोकांची शिळासप्तमी श्रावणात. होळीनंतरची ही सातम तिच्या घरात नव्हतीच. तिनं सकाळी घरी आलं घातलेला चहा घेतला, दुपारी बँकेत गेली, आणि रोजच्या सवयीनं न झालेला चहा लिहून दिला. मामांनी सर्वेअरनं काढलेले फोटो पसरले. एका फोटोत, कोपऱ्यात, धुरानं काळी झालेली शेगडी होती आणि तिच्या पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर सुकलेलं फूल. पूजा केलेली, म्हणजे त्या दिवशी न पेटवलेली शेगडी. फोटो कंपनीचाच. मामांनी तो इतक्या प्रेमानं पाहिला, की तसं त्यांनी नातवालाही पाहिलेलं नाही.

ग्राहक आयोगात सहसा कागदांवर काम भागतं, पण कंपनीच्या वकिलानं रामकन्याबाईची उलटतपासणी मागून घेतली. हा वकील मुलगा इंदुरातच, बडा गणपतीजवळ वाढलेला, एके काळी मामांकडेच शिकलेला. सुनंदा माझा हात धरून बसली होती.

“रोज चार बजे चाय बनती थी?” त्यानं विचारलं.

“बनती थी.”

“फिर उस दिन नहीं बनी, ये इतने भरोसे से कैसे कह रही हैं आप?”

रामकन्याबाईनं पदर सारखा केला. “सातम के दिन तुम्हारे घर बनती है क्या भिया?”

तो फाईलकडे बघायला लागला. मग मामांकडे. मग हळूच म्हणाला, “नहीं बनती. अम्मा बनाने ही नहीं देतीं.” वर बसलेल्या मंडळींनीही हसू लपवलं नाही. बाहेर आल्यावर मामांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. “एक सवाल जास्तीचा विचारलास बेटा. माझ्याकडे होतास तेव्हाही हेच करायचास.”

निकाल सुनंदाच्या बाजूनं लागला. युनिट पुन्हा सुरू झालं त्या दिवशी तिनं मामांना फीत कापायला बोलावलं. त्यांनी कापली नाही. ती रामकन्याबाईला कापायला लावली, आपण नवी वायरिंग तपासली, लाल सिलेंडर भेट दिला आणि माझ्या गाडीत येऊन बसले. आतून बायकांचा गलका ऐकू येत होता.

“आता ही मंडळी मला भेटणार नाहीत बघ,” मामा म्हणाले, अगदी मजेत.

“असं कसं मामा? किती मानतात तुम्हाला!”

“मानतात नं. पण मला बघितलं की त्यांना आग दिसते. डॉक्टरकडे बरा झालेला पेशंट पेढे घेऊन तरी जातो. आमचा माणूस बरा झाला की रस्ता बदलतो. बदलावाच. मी वाईट दिवसातला माणूस आहे, चांगल्या दिवसात माझं काय काम?”

आणि तसंच झालं. सुनंदा माझ्याशी भरभरून बोलते, नवं मशीन, नव्या ऑर्डरी, गीताच्या मुलीचं लग्न. मामांचा विषय मी काढला की तिला आत काहीतरी बघायचं आठवतं. मी तिला दोष देत नाही. पण आठवड्यातून एकदा मी तुकोगंजात जाते, तेव्हा सगळं बोलून झाल्यावर मामा सहज विचारल्यासारखं विचारतात, “सांवेर रोडला काय?”

“मजेत आहे. परवाच तुमची आठवण काढत होती,” मी सांगते.

मामा चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. कुठे भेटली, केव्हा, नेमकं काय म्हणाली, सगळे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतात. येताना गाडीत मी त्यांची उत्तरं तयार करून ठेवलेली असतात. त्यातला एकही प्रश्न ते विचारत नाहीत. “असं का? बरं झालं,” म्हणतात, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसतात.