कोंबडीपाशी थांबणारी गोष्ट

एसटी सुटताना आई खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "थंय तुझो जीव रमात." मी झोकात हात हलवला, दशावतारातला राजा स्वारीवर निघाल्यासारखा. खरं तर पळून चाललो होतो. तीन महिन्यांपूर्वी खाडीत होडी उलटली होती. धाकटा भाऊ अनंत बुडाला, मी वाचलो. आईशी त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात.

वाकोल्याला आमच्याच गावच्या पांडूच्या खोलीत उतरलो, साकीनाक्याच्या कारखान्यात लागलो. माझ्यासारखंच मुंबईला आलेल्यांनो, होडीची गोष्ट ही माझी हुकमी गोष्ट, आठवते ना? होडीतल्या मास्तरांची छत्री तरंगते, आणि सगळ्यांच्या आधी काठाला लागते ती काशीबाईंची कोंबडी! मी पंख झाडून दाखवायचो, तुम्ही टाळ्या द्यायचात. गोष्ट तिथेच संपायची. पुढचं मी सांगायचो नाही, तुम्ही विचारायचा नाहीत.

पण सकाळी नळाचं पाणी पिंपात गडगडलं की माझा श्वास कोंडायचा, नाकात खारं पाणी शिरायचं. डोक्यावर तांब्या ओतणं बंद. ओल्या पंच्यानं अंग पुसायचो.

"काय रे, आंघोळीची वाट लागली ना तुझी!" पांडू हसायचा. एकदा पिंपाशेजारीच कोसळलो, तेव्हा त्याचं हसू गेलं. गावाहून निरोप आला, अनंताचं भूत लागलंय. पांडू मला इस्पितळात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

तिथेही मी कोंबडी नाचवली. बाई हसल्या नाहीत. "कोंबडी पोहोचली. पुढे?"

गोष्ट तिथेच सोडून मी पिंपाचं आणि कोंडणाऱ्या श्वासाचं सांगितलं.

"हे वेड नाही आणि भूतही नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या धक्क्यानंतर होणारा आजार आहे. ती वेळ सरली, हे तुमच्या अंगाला पटलेलं नाही. तुम्ही टाळता, म्हणून पटतही नाही."

गोळ्या दिल्या. दर बुधवारी तीच गोष्ट सांगायची, शेवटपर्यंत, नकला न करता. घरी आधी पायांवर पाणी, मग खांद्यावर, मग डोक्यावर. कित्येक बुधवारांनंतर तोंडून निघालं : अनंतानं माझ्या गळ्याला मिठी मारली होती. दोघेही खाली जात होतो. मी त्याला ढकललं.

तेही पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. हळूहळू पिंपाचा आवाज पिंपाचाच राहिला.

मग गावी गेलो. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, ढकलल्यापर्यंत. तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "तो माझा नाव घेय होतो?"

हो म्हणणं किती सोपं! असली वाक्यं मी झोपेतही रचतो.

"नाय गे आये," मी म्हटलं. "माझा."

ती खूप रडली. मीही. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "किती दिवस ऱ्हवतलंस?"

आता बोरिवलीत माझं घर आहे. खाडीवरच्या पुलावरून जाताना अजूनही छाती धडधडते, ती धडधडू देतो. पण घर म्हटलं की मला आईचा तो प्रश्न ऐकू येतो. सगळं ऐकून झाल्यावरही तिला मी राहायला हवा होतो.