वरचा मजला आणि कृष्णविवर

राजूरला दुपारचा भोंगा झाला की मी फळीवरच्या काचेच्या बरण्या खाली उतरवते. मग कोळशाच्या खाणीत सुरुंगाचा स्फोट होतो, भिंती थरथरतात आणि बरण्या पुन्हा वर जातात. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका हे करतात. हादरा जोरात बसला की उलट बरं वाटायचं. खाण चालू आहे म्हणजे पगार चालू आहे.

यंदा घरावर मजला चढवायचा होता. विटा, रेती, मिस्त्री, सगळं मी ठरवून टाकलं होतं. त्याच आठवड्यात मुलगी वणीच्या कॉलेजात कृष्णविवरांवर बोलणार होती आणि जेवताना आमच्यासमोर सराव करत होती. आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असतं, ती सांगत होती. भोवतालच्या ताऱ्यांच्या फुगवट्यापुढे त्याचं वस्तुमान हजारातला एखादा हिस्सा. तरी दोघं एकमेकांच्या प्रमाणात वाढलेले दिसतात. एकाच वायूतून तारे होतात आणि त्याच वायूवर विवर पोसतं. आधी कोण वाढलं, हे अजून नक्की नाही.

"आपलं गाव अन् खाण," मी म्हटलं.

"पुढचं ऐक ना, आई. विवर खूप खायला लागलं की तिथून जोराचे वारे सुटतात. उरलेला वायू तापतो, बाहेर फेकला जातो. मग नवे तारे होत नाहीत."

"अन् जुने?"

"जुने राहतात. म्हातारे होत."

नवरा खाणीत मोजणीच्या कामावर आहे. त्याचा घास हातातच राहिला होता. मुलगी उठून गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्र्याले नाही म्हणून सांग. खाण आता आपल्या बाजूले वळून राह्यली." नवा नकाशा त्यानं पाहिला होता; त्यात आमची गल्ली खाणीच्या हद्दीत गेली होती. बाहेर कळलं तर नोकरीवर येईल, म्हणून शेजाऱ्यांशीही बोलायचं नव्हतं.

सकाळी मी मिस्त्र्याला फोन केला आणि लगेच शेजारणीकडे गेले, कारण तिचाही मजला ठरला होता. तिचा नवरा खाणीत डंपर चालवतो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले माहीत आहे, बाई. आमच्या घरच्यानं मागंच सांगतलं. तुले बोलू नको म्हणे."

समोर किराणा दुकानवाल्यांच्या घरावर स्लॅबची तयारी चालली होती. त्यांच्याकडचं कोणीच खाणीत नाही. मी रस्ता ओलांडायला निघाले, तशी शेजारणीनं माझा हात धरला.

"कोणं सांगतलं म्हणून त्याहिनं इचारलं, तं कोणाचं नाव घेशील?"

समोर मिक्सर फिरायला लागला.