नाही म्हणायला शिकवणारी माझी मावसबहीण

मुंबईच्या उपनगरांत मुलींच्या आत्मसन्मानाची जेवढी काळजी माझ्या मावसबहिणीने वाहिली तेवढी दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. आणि स्वतःच्या आत्मसन्मानाची जेवढी हेळसांड तिने केली तेवढीही दुसऱ्या कुणाला जमली नसेल. मुलींनी ठामपणे 'नाही' म्हणायला शिकावं म्हणून तिने दोन पुस्तकं लिहिली. ती लिहीत असताना स्वतः मात्र दारावर आलेल्या एकाही विक्रेत्याला ती नाही म्हणू शकली नव्हती. कांदिवलीच्या तिच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारी दोन यंत्रं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. दुसरं कशाला घेतलंस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, बिचारा उन्हातून आला होता."

पोटापाण्यासाठी ती नटी. मालिकांमधली. गेली कित्येक वर्षं ती एका लांबलचक मालिकेत 'बाईसाहेब' नावाची सासू करत होती. या बाईसाहेबांनी सुनेच्या दुधात काय काय कालवलं, तिची किती बाळंतपणं बिघडवली, तिला किती वेळा घराबाहेर काढलं आणि मालिका संपू नये म्हणून किती वेळा परत घेतलं, याचा हिशेब आता लेखकालाही लागत नसेल. दुपारी सेटवर सुनेच्या भाजीत मूठभर मीठ ओतायचं आणि पुढचा शॉट लागेपर्यंत मेकअप रूममध्ये बसून 'मुलींनो, स्वतःला मिठी मारा' हे प्रकरण पुरं करायचं, असा तिचा दिनक्रम. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, भुवया वर चढवलेल्या आणि मांडीवर लॅपटॉप. मधेच कुणीतरी हाक मारायचं, "ताई, थप्पड रेडी आहे." मग ती उठून सुनेला थप्पड मारायची, कट झाल्यावर त्या पोरीचा गाल कुरवाळायची आणि परत येऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची.

लोकांना हे काही ठाऊक नव्हतं. ते तिला बाईसाहेब म्हणूनच ओळखायचे. एकदा मी तिच्याबरोबर बाजारात गेले होते, तर भाजीवालीने कोथिंबीर पिशवीत टाकता टाकता तिला सुनावलं, "पोरीला जरा नीट वागवत जा. देव बघतोय वरून." मला वाटलं, आता ही सांगेल की तो अभिनय आहे. ही मान खाली घालून म्हणाली, "हो, वागवते." आणि कोथिंबिरीची आणखी एक जुडी घेतली.

तिच्या पुस्तकांची शुद्धलेखन तपासनीस मी. बोरिवलीच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते, म्हणून हे काम नात्यातच भागलं. तिच्या लिखाणात र्‍हस्व-दीर्घाच्या चुका फार नसतात, आरसे फार असतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मुलीने आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि काहीतरी उदात्त म्हणायचं. मी तिला सांगितलं, "आमच्या शाळेतल्या मुलींच्या घरी आरसा एकच असतो, तोही मोरीच्या दाराला, आणि सकाळी तिथे वडील दाढी करत असतात."

ती गंभीर झाली. "मग वडलांना बाजूला व्हायला सांगायचं. तिथूनच सुरुवात आहे."

"तू सांगितलं असतंस तुझ्या बाबांना?"

"बाबांना?" ती दचकून म्हणाली. बाबांना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

मीच तिला आमच्या शाळेत बोलवलं. दहावीच्या मुलींसमोर ती खादीची साडी नेसून आली. लेखिका म्हणून कुठे जायचं असलं की ती खादी नेसते. तासभर ती इतकी सुंदर बोलली की मागच्या बाकावर वेण्या सोडून बांधणाऱ्या मुलीसुद्धा थांबल्या. ठाम नकार कसा द्यायचा हे तिने करून दाखवलं: पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, दीर्घ श्वास घ्यायचा आणि शांत आवाजात 'नाही' म्हणायचं. कारण द्यायचं नाही. जाताना तिने पुस्तकं फुकट वाटली. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला, क्रीडादिनाला आणि त्यांच्या भाचीच्या डोहाळजेवणाला येण्याबद्दल विचारलं. ती तिन्हींना हो म्हणाली.

दहावीची परीक्षा संपली आणि एका दुपारी सायलीची आई शाळेत आली. सायली म्हणजे माझ्या वर्गातली हुशार, घुमी मुलगी. मालाडला राहायची. आजोबा गिरणीत होते, वडील एका कुरियर कंपनीत. आईने पिशवीतून माझ्या बहिणीचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्या बहिणीचं ना, बाई?"

"हो."

"मग तिलाच येऊन निस्तरू दे."

झालं होतं ते असं. सायलीची आत्या गावी आजारी होती. तिचं घर सांभाळायला सायलीने वर्षभर गावी जावं, कॉलेजचं नंतर बघू, असं आजीने ठरवलं होतं. असं 'वर्षभर' कधी संपत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, सायलीलाही. म्हणून तिने आजीसमोर पाय रोवले, डोळ्यांत पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "नाही." कारण दिलं नाही. आजीला वाटलं, पोरीला झपाटलं. वडलांनी मोबाइल काढून घेतला आणि गावच्या गाडीचं तिकीट काढलं.

"मला वाटतं तिने शिकावं," आई खालच्या आवाजात म्हणाली. "पण मी बोलले तर दोघींनाही पाठवतील."

मी बहिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी काय करणार गं? मी फक्त लिहिते."

"तेच त्या आजीला येऊन सांग," मी म्हटलं. यालाही तिला नाही म्हणता आलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा सायली आईशेजारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि वडील भिंतीला टेकून बसले होते. आजी पलंगावर. बहिणीने खादीचा पदर सावरला आणि सुरुवात केली, "आजी, प्रत्येक मुलीच्या मनात आत्मसन्मानाचा एक दिवा असतो..." तिचा आवाज कापत होता. वडील घड्याळ बघत होते. आजी मात्र टक लावून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"ही टीव्हीतली सासू मां?" आजीने मालवणीत सायलीच्या आईला विचारलं.

बहीण घाईघाईने म्हणाली, "आजी, ते खरं नसतं. मी अशी नाही हो. लिहून देतात तसं करावं लागतं."

"कित्याक? तुजा बरोबर आसा," आजी म्हणाली. "ती सून लय शिरजोर. तिका तसाच व्हया."

बहिणीचं तोंड उघडंच राहिलं. तिने दिव्याचं वाक्य पुन्हा सुरू करून पाहिलं, ते अर्ध्यावर विझलं. तिने एकदा सायलीकडे पाहिलं. मग तिची पाठ हळूहळू ताठ झाली, डावी भुवई वर चढली, आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत बाईसाहेब येऊन बसल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"पोरगी कॉलेजात जाणार," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आत्याचं घर आत्याचा नवरा सांभाळेल. हात मोडलेत का त्याचे? आणि या विषयावर या घरात पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही."

वडील नकळत उठून उभे राहिले. आजीने समाधानाने मान हलवली, जणू इतकी वर्षं याच तोडीच्या माणसाची ती वाट बघत होती.

"ऐकलंस मां?" ती मुलाला म्हणाली. "उद्या जावन कॉलेजाचो फारम घेवन ये."

निघताना सायली जिन्यापर्यंत आली. "मॅडम," ती बहिणीला म्हणाली, "पुस्तकात हे नव्हतं."

आम्ही रिक्षात बसलो. मी तिला म्हटलं, "अगं, झकास झालं." तर म्हणाली, "झकास काय? पोरीने माझं ऐकून सगळं बरोबर केलं, तर तिचं गावचं तिकीट काढलं. आणि मी दटावलं तर सगळे सरळ. मग मी इतकी पानं कशासाठी लिहिली?"

पुढच्याच आठवड्यात सेटवर तिला एक प्रसंग आला: बाईसाहेब सुनेची पदवीची सर्टिफिकेटं चुलीत घालतात. तिने कागद वाचले आणि दिग्दर्शकाला सांगितलं, "हे मी करणार नाही." तिने पाय रोवले होते का, श्वास घेतला होता का, मी विचारलं नाही. आयुष्यातला पहिलाच नकार, आणि कुणी भांडलंसुद्धा नाही. दिग्दर्शक गोड हसून म्हणाला, "ताई, काहीच हरकत नाही." महिना संपायच्या आत बाईसाहेब तीर्थयात्रेला गेल्या आणि त्यांची बस दरीत कोसळली.

सायली आता मालाडच्याच कॉलेजात सायन्सला आहे. माझ्या बहिणीला अजून दुसरं काम मिळालेलं नाही. सासवांच्या भूमिका येतात, त्यांना ती नाही म्हणते. एकदा जमल्यावर ते तिला सोपं वाटू लागलंय. प्रकाशक तिसरं पुस्तक मागतो. त्याला ती हो म्हणते आणि लिहीत नाही.

दरीच्या एपिसोडला ती माझ्याकडे जेवायला आली होती. पडद्यावर दिवाणखान्यातल्या भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो होता आणि त्याच्यापुढे सून हात जोडून रडत होती. मला ते बघवेना. मी चॅनेल बदलायला रिमोट उचलला.

"थांब गं," ती म्हणाली. ताट तसंच हातात धरून ती त्या पोरीकडे बघत राहिली. "वेडी, खरंच रडतेय. ग्लिसरीनने नाक असं लाल होत नाही."