दिसला का स्पायरीम?

नदाफ सर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी साताऱ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना कांद्याची मुळं कापून रंगवायला शिकवत होते. आष्ट्याच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर दोनच शब्द होते, 'सर गेले'. कुठले सर, हे कुणी विचारलं नाही. दोन्ही हात लाल रंगाने माखलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती... पोरांना तुमचं चालू द्या म्हटलं आणि तशीच उभी राहिले.

सर आम्हाला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. वडिलांचा गाद्या भरायचा धंदा, त्यामुळे खिशात दोऱ्याचं रीळ हमखास. पेशीविभाजनाच्या तासाला ते बाहेर निघायचं. टेबलावर एका लांब दोऱ्याचा गुंता करून सर म्हणायचे, "हा स्पायरीम. पेशी दुभंगायच्या आधी आत असा एकच अखंड धागा असतो, मग त्याचे तुकडे पडून गुणसूत्रं होत्यात. असं या जुन्या पुस्तकात लिव्हलंय. आता तुमी बघा आणि मला सांगा." कात्रीने दोऱ्याचे तुकडे करायचे आणि एकेकाला स्वतःच्या सूक्ष्मदर्शकापाशी बोलवायचे. मुळाचं टोक रंगवून, काचेखाली अंगठ्याने दाबून त्यांनी सगळं तयार ठेवलेलं असायचं.

"काय गं, दिसला का स्पायरीम?"

मला दिसली ती लाल गुंतवळ, आणि तिच्यात ठिकठिकाणी सुटी टोकं. अखंड असं काही नव्हतं. पण माझ्याआधीचे सगळे 'व्हय सर, दिसला' म्हणून गेले होते. मीही म्हटलं, "व्हय सर." सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. वहीत मी पुस्तकात बघून एक वळणदार लांब धागा काढला. दहापैकी सात मिळाले. त्या आकृतीला सातच्या वर कुणालाच मिळायचे नाहीत. सर हाताचे लय आखडते, असं आम्ही म्हणायचो.

पुढे कोल्हापुरात एमएस्सी करताना कळलं, की स्पायरीम हा शब्द कधीच मोडीत निघालाय. धागे पहिल्यापासून सुटेच असतात, दाटीमुळे जुन्या लोकांना ते एक वाटले होते. मला सरांची दया आली. होय, दयाच, आणि आज तिची लाज वाटते. दर ईदला मी आष्ट्याला शीरखुर्मा खायला जायचे. सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता परतायचे. म्हाताऱ्या माणसाचा आवडता शब्द कशाला हिरावून घ्यायचा, अशी आपलीच समजूत घालायचे. गेल्या ईदला तर त्यांनीच विषय काढला. मोतीबिंदूने नजर अधू झालेली, तरी मान वळवून विचारलं, "तुमच्या कॉलेजात दिसतो का गं स्पायरीम?"

"दिसतो की सर."

"बरं," म्हणाले, आणि वाटी अर्धी तशीच खाली ठेवली.

सरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर घरी भेटायला गेले. चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. तुलाच द्यायला सांगितली होती म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. स्पायरीम असं काही नसतंच, हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि मी सरांना बोलले नाही, हे सांगून टाकलं.

"अगं, त्यांस्नी ठावं हुतं की," चाची म्हणाल्या. "त्यांस्नी बी कवा दिसला न्हाई. दर साली घरी येऊन म्हनायचे, आज बी सगळी व्हयच म्हनली. एक जरी पोर न्हाई म्हनलं, तर त्याला दहापैकी दहा द्यायचं." त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "तुझी लय आस हुती. एवढी शिकली, आता तरी सांगंल म्हनायचे."

मी पेटी मांडीवर घेऊन साताऱ्याला परतले.

सूक्ष्मदर्शक आता माझ्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या आठवड्यात मी टेबलावर दोऱ्याचा गुंता केला, जुन्या पुस्तकात असं लिहिलंय म्हणाले, आणि पोरांना एकेक करून बोलावलं. "हो मॅडम, दिसला." सगळी हेच म्हणाली. मी प्रत्येकाकडे क्षणभर बघितलं आणि मान हलवली.

ती गेल्यावर मी स्वतः डोळा लावला. लाल गुंतवळ, सुटी टोकं.

"न्हाई दिसला, सर," मी मोठ्याने म्हटलं. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.