तीन शाळांची एक सायकल

सरांच्या उजव्या पायाला, पँटच्या घोट्याशी, कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा लावलेला असे. सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून. दुसरा कुणी असता तर त्याने सायकलवरून उतरताच चिमटा काढून खिशात टाकला असता. पण सरांना उतरल्यावर एक-दोन तास घेऊन लगेच पुन्हा सायकलवर चढायचं असे. तेवढ्यासाठी कोण काढणार आणि कोण लावणार? ते चिमट्यासकटच शिकवत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं चिमटा सर. नवीन मुलं आधी हे नाव ऐकून दंड सांभाळून बसत. आठवड्याभरात त्यांना कळे, की या माणसाने जन्मात कुणाला चिमटा काढला नसेल.

सर गणित शिकवत आणि ते तीन शाळांत शिकवत. सकाळी टेकडीवरची शाळा, दुपारी बाजारातली, आणि उन्हं कलल्यावर पुलापलीकडची. तिन्हीकडे सातवीचे वर्ग, तिन्हीकडे तेच पुस्तक, आणि तिन्हीकडे ते तासावर. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. वह्या घरी नेऊन तपासल्या तर त्याचे काही नाहीत, आणि सुट्टीचे तर नाहीतच. शाळेतले कायमचे शिक्षक सुट्टीची वाट बघत आणि सर सुट्टी आली की धसका घेत. तिन्ही शाळांचं मिळून जे येई, ते एका कायम शिक्षकाच्या पगाराच्या जवळपास जाई, पण तिथे पोचत मात्र नसे.

त्यांची बायको एका दवाखान्यात औषधं द्यायला बसे. ती म्हणे, "तीन तिघाडा, काम बिघाडा. एक शाळा सोडा की."

"कुठली सोडू, तू सांग."

यावर ती उठून कामाला लागे. कारण टेकडीवरची शाळा म्हणजे घरभाडं होतं, बाजारातली म्हणजे किराणा आणि पुलापलीकडची म्हणजे मुलीची फी आणि उरलं तर बाकीचं सगळं. यातलं काय सोडणार?

मुलगी दहा वर्षांची होती. संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन बापाजवळ बसे. पहिलं उदाहरण नीट होई, दुसऱ्याला सरांची मान खाली जाई. मग ती वही मिटून म्हणे, "बाबा, माझा तास संपला का?" ती हे गमतीने म्हणे. सर हसत, पण ते वाक्य त्यांना चपलेतल्या खड्यासारखं दुसरा अख्खा दिवस टोचत राही.

असं असूनही सर शिकवत ते जीव ओतून. त्यांचा वर्तुळाचा धडा तर तिन्हीकडे प्रसिद्ध होता. त्या दिवशी सर सायकल सरळ वर्गात आणत. बाकं मागे सरकवत, सायकल उलटी करून बैठकीवर आणि हँडलवर उभी करत आणि मुलांच्या हातात दोरी देत. मुलं चाकाला दोरीचा एक वेढा घालत, तेवढी कापत आणि मग ती चाकाच्या मधून आडवी किती वेळा बसते ते बघत. एकदा, दोनदा, तीनदा, आणि थोडीशी दोरी उरे. मग सर म्हणत, "आता घरी जाऊन ताटाला दोरी लावा, बादलीला लावा, बांगडीला लावा. कुठेही तीनदा बसेल आणि थोडी उरेल. का उरते, ते उद्या." दुसऱ्या दिवशी मुलं तासाच्या आधीच बाकांवर हजर असत.

त्या वर्षी पुलापलीकडच्या शाळेतल्या गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि एक कायमची जागा रिकामी झाली. पूर्ण पगार, सुट्ट्यांसकट. मुख्याध्यापिकाबाई कडक होत्या. त्यांचा चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त असे. त्यांनी सरांचंच नाव पुढे केलं. पण संस्थेचे अध्यक्ष पडले व्यापारी. लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं त्यांचं. ते म्हणाले, "मी एकदा वर्गात बसून बघतो. माल बघितल्याशिवाय मी भाव ठरवत नाही."

घरी ही बातमी आली. अध्यक्ष वर्गात येणार होते त्या दिवशी सकाळी बायकोने सरांचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

"अहो, आज तरी तो चिमटा काढून वर्गात जा. जागा मिळेपर्यंत माणसासारखे दिसा."

"आणि मिळाल्यावर?"

"मिळाल्यावर काय हवं ते लावा. नाकाला लावलात तरी मी बोलणार नाही."

मुलगी दारात उभी होती. "बाबा, जागा मिळाली की तुम्ही संध्याकाळी झोपणार नाही ना?"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली.

पुलापलीकडच्या शाळेत त्यांनी चिमटा आठवणीने काढून खिशात टाकला. वर्गात शिरताच मुलांनी आधी त्यांच्या पायाकडे बघितलं आणि एकमेकांना कोपरं मारली. मागच्या बाकावर अध्यक्ष बसले होते. बाक सातवीच्या मुलांच्या मापाचं, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे बाकी होते. शेजारी मुख्याध्यापिकाबाई.

त्या दिवशीचा धडा वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा होता. सरांनी विचार केला होता, की सुरुवात परिघाच्या उजळणीने करावी. मुलं तो धडा कधी विसरत नाहीत. एकदा सगळा वर्ग एका सुरात बोलला, की अध्यक्ष निम्मे खूष.

"बरं का," सर म्हणाले, "आपण सायकल वर्गात आणली होती. चाकाला दोरी गुंडाळली होती. तेव्हा काय दिसलं होतं?"

एकही हात वर झाला नाही.

सरांना वाटलं, पाहुण्यांना बुजली असतील. "अरे, घाबरता काय? दोरी किती वेळा बसली?"

कुणी खाली बघत होतं, कुणी खिडकीबाहेर. एक मुलगा पेन्सिलीचं टोक तपासत होता. जणू आजच ते पहिल्यांदा दिसलं होतं. शेवटी पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. एरवी ती विचारल्याशिवाय बोलत नसे.

"सर, आपल्याकडे सायकल आलीच नाही अजून."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. तेवढ्यात तिच्या मागचा जाडा मुलगा घाईघाईने उठला. "आली होती सर! आम्हीच विसरलो!" लगेच आणखी दोघं-तिघं म्हणाली, "हो सर, आली होती." वेण्यावाल्या मुलीने मागे वळून बघितलं, आणि काय चाललंय ते तिला कळलं. ती लाल होऊन खाली बसली.

पोरं आपल्यासाठी खोटं बोलत होती. सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुलं विसरली, असं कुठल्याही वर्गात होतं. शिक्षकाला त्याबद्दल कोण काय म्हणतो?

त्याच क्षणी सरांना बाजारातली शाळा आठवली. मागच्या महिन्यात तिथे सायकल नेली, तेव्हा दोरी कापायच्या आतच सगळा वर्ग ओरडला होता, "तीनदा आणि थोडी उरते!" सरांचा ऊर भरून आला होता. असा हुशार वर्ग आपण आयुष्यात बघितला नाही, असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं. आता त्यांना कळलं. तिथे सायकल दुसऱ्यांदा गेली होती. इथे मात्र एकदाही आली नव्हती, आणि यांना फक्त सूत्र फळ्यावर लिहून मिळालं होतं. पूल ओलांडताना, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पळताना, डोक्यातल्या तीन सातव्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

"बस रे," सर जाड्या मुलाला म्हणाले. त्यांचा आवाज हळू झाला होता. "ती खरं बोलतेय. सायकल इथे आली नाही. मी ती बाजारातल्या शाळेत दोनदा नेली आणि इथे आणली असं मला वाटत राहिलं. चूक माझी आहे. मुलांची नाही."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कुठे काय शिकवलं, तेच लक्षात नाही?"

"नाही राहिलं साहेब."

मग सर वेण्यावाल्या मुलीकडे वळले. "तू आधी का नाही सांगितलंस गं?"

"टेकडीवरच्या शाळेत माझा मामेभाऊ आहे. त्यांच्याकडे सायकल आली, ते त्याने सांगितलं. आम्हाला वाटलं, आपली पाळी शेवटी येत असेल. तुम्ही इथे शेवटीच येता ना."

सरांनी फळा पुसला. मग वळले. "साहेब, जागेचं तुम्ही ठरवाल ते ठरवा. पण माझा तास अजून संपलेला नाही. सायकल आणू का?"

परवानगीची वाट न बघता ते बाहेर गेले. जाता जाता जुन्या सवयीने खिशातला चिमटा निघाला आणि घोट्याला लागला, ते त्यांनाही कळलं नाही. सायकल वर्गात शिरली तेव्हा मुलांनी बाकं आधीच मागे सरकवली होती. दोरी मिळेना. कुणीतरी दप्तराची नाडी सोडून दिली, ती आखूड पडली. मग अध्यक्षच कुरकुरत उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीतून सुतळीचा गुंडा घेऊन आले. "दुकानातला आहे. जपून कापा."

दोरी धरायला एका मुलाचे हात पुरेनात. सर सहज म्हणाले, "साहेब, हे टोक धरता?" अध्यक्षांनी धरलं. दोरी तीनदा बसली, थोडी उरली. अध्यक्ष त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"प्रत्येक चाकाला उरते?"

"तुमच्या दुकानातल्या पाइपालाही उरते साहेब."

"चाळीस वर्षं पाइप विकतोय," अध्यक्ष स्वतःशीच पुटपुटले. घंटा झाली. एकही मूल उठलं नाही.

नंतर सरांना कचेरीबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. कचेरीचं दार फुगलेलं होतं, ते पुरतं लागत नसे. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"माणूस चांगला आहे, बाई. पण लक्ष ठिकाणावर नाही."

"ठिकाणं तीन आहेत साहेब. लक्ष कुठल्या ठिकाणावर ठेवायचं त्यांनी?"

"माझ्या दुकानातला माणूस आणखी दोन दुकानांत राबत असता, तर मी त्याच्या हातात गल्ला दिला नसता."

"मग मुलं कशी दिलीत?"

आत खुर्ची करकरली. मग अध्यक्षांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "ठीक आहे. पहिलं वर्ष अर्ध्या पगारावर घेऊ. बघू."

"अर्ध्या पगारात अर्धाच माणूस येईल. उरलेला अर्धा बाजारातल्या शाळेत असेल, आणि सायकल पुन्हा तिकडेच जाईल. साहेब, तासाचे पैसे आपण देतो. धड्याचा विचार करायचे, वह्या बघायचे, कुठल्या पोराला काय आलं नाही ते लक्षात ठेवायचे, त्याचे आपण कधी दिले? ते त्यांनी आजपर्यंत फुकट केलं. एक दिवस नाही जमलं, तेव्हा आपल्याला दिसलं."

"तुम्ही दुकान काढायला हवं होतं, बाई."

"काढलं असतं, तर मीही शाळेत आले नसते. तिथे पैसे बरे मिळतात."

सर बाहेर बसल्या बसल्या हसले आणि लगेच त्यांनी डोळे पुसले. खाली बघितलं तेव्हा त्यांना पायाला लागलेला चिमटा दिसला. बायकोला काय सांगायचं, या विचारात ते पडले.

जागा मिळाली, पूर्ण पगारावर. घरी सांगितल्यावर बायकोने आधी खुर्ची ओढून बसून घेतलं, मग विचारलं, "चिमटा काढला होता ना?"

"काढला होता."

"पूर्ण वेळ?"

"बऱ्यापैकी."

त्या संध्याकाळी मुलीची तीनही उदाहरणं झाली. चौथं तिला नको होतं, तरी सरांनी ते सोडवून घेतलं.

महिनाअखेरीला सर बाजारातल्या शाळेत निरोप घ्यायला गेले. वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. तास संपता संपता शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याला बहुतेक सगळ्यांनी मिळून ढकललं होतं.

"सर, एक सांगायचं होतं. तुम्ही सायकल दोनदा आणलीत."

"मला कळलं रे ते."

"आम्हाला तेव्हाच माहीत होतं. पण बाकं मागे सरकवायला मिळतात, म्हणून कुणी बोललं नाही." त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. "त्यामुळे दुसऱ्या शाळेत गेली नाही का?"

"गेली. थोडी उशिरा गेली." सर त्याच्याजवळ गेले. "तुम्हाला मात्र धडा पक्का आला की नाही?"

"आला सर. माझ्या लहान भावालासुद्धा आला."

बाहेर व्हरांड्यात त्यांच्या जागी आलेला नवा शिक्षक उभा होता. कोवळा पोरगा. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात डबा, आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सरांना ती नजर ओळखीची होती.

"तासावर?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"आणखी कुठे?"

"टेकडीवर, सकाळी. तुमचीच जागा. आणि संध्याकाळी एके ठिकाणी हिशेब लिहितो."

सरांना वाटलं, याच्या वाटची पूर्ण पगाराची जागा खिशातून काढून द्यावी. पण ती आपल्या खिशात नाही, हेही त्यांना माहीत होतं. ते वाकले आणि चिमटा नीट करू लागले.

"एक सांगतो. कुठल्या वर्गात काय शिकवून झालंय ते आठवेनासं झालं, तर लाजू नको. सरळ मुलांना विचार. ती खरं सांगतात."

"बरं सर."

सर सायकलवर बसले, आणि पुन्हा एक पाय खाली टेकवून मागे वळले.

"फक्त सायकलबद्दल विचारू नकोस. ते ती सांगत नाहीत."