दादाच्या ग्रुपमधून काढलेली माणसं

माझा भाऊ भांडखोर नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. उलट भांडणाची त्याला धास्तीच होती. लहानपणी घरात आवाज चढला की हा पायात चप्पल सरकवून बाहेर सटकायचा आणि सगळं निवल्यावर परत यायचा. आई म्हणायची, याला कुणी मारलं तर हाच उलट माफी मागून येईल.

तो न्हावी. दुकान खाली, घर वर, आणि वरच्या मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन. दुकानात दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि मागे एक बाकडं. गल्लीतली सगळ्या मतांची माणसं त्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसायची आणि एकमेकांची सालटी काढायची. दादाचा नियम एकच: ज्याच्या गालावर वस्तरा, त्याने तोंड उघडायचं नाही. त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला मागून येईल ते मुकाट ऐकून घ्यावं लागे. फेस पुसून तो उठला की मग त्याची पाळी, आणि मघाशी बोलणारा आता खुर्चीत गप्प. इतकी वर्षं दुकान असं चाललं, पण दादाने कधी कुणाला बाहेर घालवलं नाही. गिऱ्हाईकाला कुणी घालवतं का?

मग फोनवर गल्लीचा ग्रुप निघाला. दादा सगळ्यांना ओळखतो, सगळे दादाला ओळखतात, तेव्हा ॲडमिन दादाच. मदतीला दुसरा ॲडमिन हार्डवेअरवाला, ग्रुप सुरू करून दिला तोही त्यानेच, कारण त्याला फोनमधलं कळायचं आणि दुकानात बसून दुसरं काही काम नसायचं. सुरुवातीला पाणी कधी जाणार, कुणाची मांजर हरवली, जिन्यातला दिवा कोण बदलणार, असंच सगळं. पण दुकानाचं शटर संध्याकाळी खाली येतं, ग्रुपला शटर नव्हतं. दादा ताटावर बसला की इकडे हार्डवेअरवाला आणि गल्लीतले निवृत्त मास्तर एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे. वहिनी नुकती वारली होती. घरात तेवढी तरी शांतता असू दे, म्हणायचा. एके दिवशी जेवता जेवता त्याने मास्तरांना काढून टाकलं, आणि उरलेलं जेवण बऱ्याच दिवसांनी चवीने जेवला. मी समोरच होते.

नुसतं काढलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण लोक विचारतील, का काढलं, म्हणून हार्डवेअरवाल्याने त्याला एक युक्ती शिकवली. कुणाला काढलं की खाली दोन ओळी टाकायच्या: ‘गैरसमज पसरवल्यामुळे यांना काढले आहे. यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.’ खाली ‘दादा’. मग अंगठ्यांचा पाऊस. ‘दादा, बरं केलंत.’ ‘दादा, आता कसं शांत वाटतं.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावरून हात फिरवलेल्या माणसाच्या डोक्यावरून कुणीतरी हात फिरवत होतं, आणि त्याला ते आवडलं. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते.

एकदा काढायची सवय लागली की कारण सापडतंच. मास्तर पुरावा मागतात म्हणून गेले. मेडिकलवाला दर वेळी ‘हे खोटं आहे’ लिहितो म्हणून गेला. मलाही काढलं, सख्ख्या बहिणीला! हार्डवेअरवाल्याने लिहिलं होतं की नव्या मोबाईल टॉवरमुळे गल्लीतल्या लोकांचे केस गळताहेत. मी लिहिलं, ‘अरे देवा, मग आमच्या दादाने पोट कशावर भरायचं?’ संपलं. मी बाहेर, आणि खाली त्या दोन ओळी. मी तशीच जिना उतरून दुकानात गेले. म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नये काय रे? मग काल तुझ्या पँटची चेन कुणाकडून बसवून घेतलीस?” सगळं दुकान हसलं, दादासुद्धा हसला. पण मला ग्रुपमध्ये परत काही घेतलं नाही. “राहू दे गं,” म्हणाला. “तू कशाला त्यात पडतेस? छान शांत चाललंय.”

शेवटी गेल्या पणकाकू. हे नाव त्यांना ग्रुपनेच दिलेलं, कारण त्यांचा प्रत्येक मेसेज ‘पण’ने सुरू व्हायचा. ‘पण हे कुणी पाहिलं?’ ‘पण तो तर तेव्हा गावाला होता ना?’ ड्रायक्लीनरच्या काउंटरवर बसणारी बाई, कपडा उलटून डाग शोधायची सवय, ती कुठे जाणार! त्या गेल्यावर ग्रुप खरंच शांत झाला; मी दादाच्या फोनवर बघायचे. कुणी काही लिहिलं की बाकीचे ‘अगदी बरोबर’ म्हणायचे. दादाला वाटायचं, अख्खी गल्ली एका विचाराची झाली. त्याच्या बाकड्यावरही आता फक्त एका विचाराची माणसं बसत होती, कारण मास्तर दाढी घरी करायला लागले होते आणि मेडिकलवाल्याने न्हावी बदलला होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता ना.

दादाची मुलगी, माझी भाची, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स. तिथे सगळे सिस्टर म्हणायचे, घरात मात्र ती अजून चिंगीच. हात इतका हलका की लहान पोरं सुई टोचल्यावर विचारायची, टोचली का? बापाचा हात तिच्यात उतरला होता आणि त्याचा दादाला केवढा अभिमान.

त्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतले म्हातारे घड्याळजी वारले. घड्याळं दुरुस्त करायचे, एकटे राहायचे. गुडघ्यासाठी दवाखान्यात त्यांची इंजेक्शनं चालू होती. दुपारपर्यंत ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘सकाळी इंजेक्शन घेतलं आणि घरी येऊन गेले म्हणे.’ ‘अगदी बरोबर.’ ‘माझ्या मावशीलाही तिथेच त्रास झाला.’ संध्याकाळपर्यंत ‘म्हणे’ गळून पडलं होतं. इंजेक्शन चुकीचं होतं, नर्स फोनवर बोलत होती, हे सगळं ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं. मग चिंगीचा फोटो आला.

दादाने तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या ग्रुपवर ‘पण’ लिहिलं. ‘पण चिंगीची आज सुट्टी होती.’ कुणी अंगठा दिला नाही. एकाने लिहिलं, ‘दादा, मुलगी तुमची, आम्ही समजू शकतो.’

घड्याळजींचा मुलगा परगावाहून आला. गल्लीच्या ग्रुपमध्ये तो पहिल्यापासून होता, आणि बापाचं तोंड बघायच्या आधी प्रवासभर त्याने तो वाचला होता. अंत्यविधी उरकून तो तसाच चार-पाच जणांना घेऊन दवाखान्यात गेला. काउंटरची काच फुटली. आणि त्याने चिंगीच्या थोबाडीत मारली, सगळ्या पेशंटांच्या देखत. डॉक्टरांनी रजिस्टर दाखवलं, त्या दिवशी घड्याळजी आलेच नव्हते. लोक म्हणाले, रजिस्टर तुमचं, पेन तुमचं. त्या रात्री डॉक्टरांनी दादाला निरोप दिला: त्या मुलाने ग्रुपवर आपले शब्द मागे घेतले तर सिस्टर राहतील, नाहीतर मला दवाखाना चालवायचाय.

घड्याळजींच्या भिंतीला भिंत लागून पणकाकूंचं घर. दादा दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता त्यांच्याकडे गेला, आणि एकट्याला जायची लाज वाटत होती म्हणून मला घेऊन गेला. काकूंनी दार उघडलं, पण ‘या’ म्हटलं नाही.

“काकू, तुम्हाला काही माहीत आहे का?” दादा म्हणाला.

“सगळं माहीत आहे. सकाळी चहा मीच दिला त्यांना. म्हणाले, आज गुडघा फार धरलाय, दवाखान्यात उद्या जातो. मी कप घ्यायला गेले तर खुर्चीतच मान टाकलेली. दवाखान्याचं नावसुद्धा त्यांनी त्या दिवशी काढलं ते ‘उद्या’ म्हणूनच.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. “कुठे बोलू, दादा? तुम्ही जागा ठेवलीत का? दोघातिघांना रस्त्यात गाठून सांगितलं. ते हसून निघून गेले.”

तरी त्या आल्या. मी त्यांच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं. त्या चपला घालून आमच्याबरोबर निघाल्या आणि घड्याळजींच्या दारात त्यांच्या मुलासमोर उभ्या राहिल्या. चहा, गुडघा, खुर्ची, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. एक क्षण मला वाटलं, पटतंय त्याला. माणूस वाईट नव्हता, बाप मेला होता त्याचा. मग समाचाराला आलेला हार्डवेअरवाला मागून म्हणाला, “ह्या त्याच. दादांनी काढलं होतं ना, त्या.”

मुलाने खिशातून फोन काढला, अंगठ्याने वर सरकवत गेला आणि थांबला. मोठ्याने वाचून दाखवलं, “‘यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. दादा.’ हे तुम्हीच लिहिलंत ना?”

“चुकलो मी,” दादा म्हणाला. “त्या खरं बोलतायत. त्या आधीही खरंच बोलत होत्या.”

“आज मुलीवर आलं म्हणून चुकलात?”

आमची बाजू खरी होती आणि तरी त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी मास्तरांकडे जाऊ या म्हटलं, मेडिकलवाल्याकडे जाऊ या म्हटलं. पण ज्यांची साक्ष काढावी ते सगळे दादाच्याच हाताने खोटे ठरलेले. दादाने तिथेच उभ्या उभ्या काकूंना ग्रुपमध्ये परत घेतलं. त्यांचा पहिला शब्द टाइप होईपर्यंत हार्डवेअरवाल्याने त्यांना काढलं. मग दादाला काढलं. खाली दोन ओळी टाकल्या, मजकूर दादाचाच.

आठवड्याभरात चिंगीची बॅग भरली. दूरच्या एका हॉस्पिटलमध्ये तिच्या मैत्रिणीने जागा बघितली होती. तिथे तिचा फोटो पोचला नसेल अशी आशा, दुसरं काय! मी तिच्या युनिफॉर्मच्या शिवणी आत घेऊन दिल्या, आठवड्यात पोर इतकी वाळली होती. दादा पलंगावर बसून तिच्या चपला कागदात गुंडाळत होता. पुन्हा पुन्हा गुंडाळत होता.

“बाबा, एक विचारू?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “हे दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल असतं, आणि पणकाकू तुमच्याकडे आल्या असत्या, मला परत घ्या, मला खरं सांगायचंय म्हणत, तर तुम्ही घेतलं असतं त्यांना?”

मला वाटलं, आता हा चप्पल पायात सरकवून बाहेर जाईल. नाही गेला. चपलांवरचा कागद पुन्हा एकदा सोडला.

“नाही,” म्हणाला. “नसतं घेतलं. शांत चाललंय म्हणालो असतो.”

चिंगीने मान हलवली. त्याच्या हातातून चपला घेतल्या, बॅगेत टाकल्या आणि चेन ओढली.